आय.एस.ओ. 14001 आणि एक लिटरचा मग

आधीच कबूल करते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर घामच फुटला. शुद्धलेखन आईने तपासलं आहे. तरी चुका उरल्याच, तर त्या माझ्या.

विषय आहे कारखान्यातली पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली. तिचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आय.एस.ओ. 14001. ते 1996 साली आलं, पुढे 2004 आणि 2015 मध्ये सुधारलं गेलं. मला वाटायचं, हे प्रमाणपत्र म्हणजे कारखान्याचं पाणी आणि धूर स्वच्छ असल्याची पावती! प्रत्यक्षात त्या मानकात सांडपाण्याचा एकही आकडा नाही. आकडे कायदा देतो. उदाहरणार्थ, साखर कारखान्याला पूर्वी एक टन उसामागे 400 लिटर सांडपाणी सोडता येत होतं, 2016 च्या अधिसूचनेने ते 200 वर आणलं. मानक फक्त प्रश्न विचारतं. तुमच्या कोणत्या कामाने हवा, पाणी, जमीन बिघडते? त्यातलं मोठं कोणतं? कोण सुधारणार, कधीपर्यंत, आणि सुधारलं की नाही हे कोण बघणार?

आमचं किनवट म्हणजे सागवान, कापूस आणि पैनगंगा. पण मामाचं गाव ऊसपट्ट्यात आहे. तिथल्या साखर कारखान्यात मी हिवाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस ट्रेनिंग केलं. नाव देत नाही, कारण मामाचा ऊस तिथेच जातो. कारखान्याच्या नाल्याला लागूनच मामाचं शेत आहे. गाळप सुरू झालं की नाल्याला वास येतो, विहिरीचं पाणी जनावरं तोंड लावून सोडून देतात. पण तक्रार कोण करणार? बिल तिथूनच यायचं असतं.

मला काम दिलं, परिणामांची नोंदवही तयार करायचं. फाईल आधीच होती, फक्त अपडेट कर म्हणाले. उघडून बघते तर त्यात 'पेंट शॉपमधील थिनरची वाफ' अशी नोंद! साखर कारखान्यात कुठलं आलं पेंट शॉप? कुठल्यातरी मोटारींच्या कंपनीची फाईल उतरवून काढलेली. आणि पाण्यापुढे लिहिलं होतं, 'बचत करणे'. बस्स.

आता पाण्याचंच बघा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. नंतर 50 वाघिणी, म्हणजे साधारण 25 लाख लिटर. उसात सुमारे 70 टक्के पाणी असतं. रोज 3500 टन गाळणाऱ्या कारखान्यात उसाच्या पोटातूनच जवळजवळ तेवढं पाणी रोज आत येतं. त्यातलं बरंच बगॅसबरोबर आणि वाफेत जातं हे खरं. पण रस आटवताना निघणारं गरम पाणी नीट परत वापरलं, तर नदीतून कमी उचलावं लागतं. त्या पाण्यात साखर उतरली तर मात्र बॉयलरला चालत नाही. म्हणून लॅबमध्ये अल्फा नॅफ्थॉलची टेस्ट घेतात. साखर असली की जांभळी कडी दिसते. मला ती टेस्ट फार आवडली.

खरी गोष्ट कळली ती मिल हाऊसमध्ये. रसाच्या एका पंपाच्या ग्लँडमधून धार लागली होती. मी एक लिटरचा मग धरला आणि घड्याळ बघत बसले. तिथले फिटरकाका म्हणाले, "पोरी, काय मोजायलीस? हे तर रोजचंच हाय."

मग दोन मिनिटांत भरला. म्हणजे दिवसाला 720 लिटर रस, त्यात सुमारे 85 किलो साखर. ही साखर पाण्यात गेली की जिवाणू ती खातात आणि त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन ओढतात. रसायनशास्त्राचं समीकरण मांडलं तर एक किलो साखरेला 1.12 किलो ऑक्सिजन लागतो. एक लिटर पाण्यात तो जेमतेम 8 मिलिग्रॅम असतो. म्हणजे एक किलो साखर 1 लाख 40 हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकते! 85 किलोचा हिशोब झाला 1 कोटी 19 लाख लिटरचा. अर्थात रस थेट नाल्यात जात नाही, आधी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जातो. पण तिथल्या जिवाणूंनाही एकदम एवढं झेपत नाही.

हा हिशोब साहेबांना दाखवला. ऑक्सिजनवर त्यांनी मान डोलावली. मग मी साखर तीस रुपये किलोने धरून दिवसाचे 2550 रुपये सांगितले. त्यावर ते खुर्चीतून उठलेच! दुसऱ्या दिवशी ग्लँडची दोरी बदलली, खाली ट्रे लावून गळका रस परत टाकीत घेतला. पुन्हा मग धरला, तर भरायला चाळीस मिनिटं लागली. नोंदवहीतून थिनर खोडलं, तिथे पंपाचा नंबर लिहिला, तपासणी दर पाळीला एकदा, आणि तपासणाऱ्याच्या सहीचा रकाना ठेवला. फिटरकाकांनी पहिली सही केली, तीही अगदी वळणदार.

ट्रेनिंग संपवून निघताना मामाला विचारलं, फरक पडला का? मामा म्हणाला, "दिवसा वास कमी झालाय गं. रात्री हाय तसाच हाय." मी जाऊन नोंदवही पुन्हा उघडली. रात्रपाळीचा रकाना कोराच होता.