पिवळा धोत्रा : ओळख, उपयोग आणि विष

इंग्रजी वाचनपाठांत ‘बटरकप’ नांवाच्या फुलाचा उल्लेख विद्यार्थ्यांना आढळतो. इंग्लंडांतील ओलसर कुरणांत उन्हाळ्याच्या आरंभीं हें लहान, तकतकीत पिवळें फूल इतकें विपुल येतें कीं, दुरून पाहणाऱ्यास सारें कुरणच पिवळें भासावें. तेथील मुलें हें फूल एकमेकांच्या हनुवटीखालीं धरतात, आणि त्याची पिवळी झांक हनुवटीवर पडली म्हणजे ‘याला लोणी आवडतें’ असें म्हणून हंसतात. वनस्पतिशास्त्रांत या झाडाला ‘रॅनन्क्युलस ॲक्रिस’ असें म्हणतात. यांतील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘लहान बेडूक’ व दुसऱ्याचा ‘तिखट’ असा आहे. या वर्गांतील पुष्कळ झाडांना बेडकाप्रमाणें ओल आवडते म्हणून पहिलें नांव, आणि रस अंगास झोंबतो म्हणून दुसरें.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत हें फूल शोधूं गेल्यास निराशाच पदरीं पडेल. त्यास थंड हवा आणि बारमाही ओल पाहिजे. येथें घाटावर काय किंवा घाटाखालीं काय, चैत्र-वैशाखांत जमीन भेगाळून जाते. तथापि पिवळ्या फुलाचें, झोंबणाऱ्या रसाचें, औषध म्हणून वाखाणलेलें आणि विष म्हणून भय धरण्यासारखें एक झाड आपल्या दारापुढें आपोआप उगवतें. तें म्हणजे पिवळा धोत्रा. कोणी यास कांटेधोत्रा म्हणतात, कोणी बिलायत म्हणतात. गांवाबाहेरील उकिरडा, शेताचा धुरा, पडीत जमीन, आगगाडीच्या रुळांचा भराव, पूर्णा किंवा पैनगंगा यांच्या कांठची गाळवट जमीन, यांपैकीं कोठेंही तें दृष्टीस पडतें. नित्य पाहण्यांतील वस्तूकडेच आपलें दुर्लक्ष होतें. म्हणून या झाडाची नीट ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

झाडाची ओळख

पावसाळा सरतां सरतां याचें बीं रुजतें. प्रथम पानांचा एक चक्राकार झुबका जमिनीलगत पसरतो. पान निळसर हिरवें, कडेनें खोल कातरलेलें, प्रत्येक टोंकास पिवळसर कांटा असलेलें असें असतें; आणि त्याच्या शिरा पांढऱ्या असल्यामुळें कोणी चुन्याच्या रेघा ओढल्याप्रमाणें तें दिसतें. ही पांढऱ्या शिरांची खूण विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे. हिवाळ्यांत मधून खोड वर येतें व तें एक ते तीन फुटांपर्यंत वाढतें. पानास देंठ नसतो. तें आपल्या बुडानें खोडास अर्धवट कवटाळून बसतें. खोड अथवा पान मोडल्यास त्यांतून सोन्याच्या रंगाचा पिवळा चीक निघतो. रुईचा चीक पांढरा, याचा पिवळा, हा भेद लहान मुलासही सांगतां येतो.

फूल दीड-दोन इंच रुंद, लिंबाच्या रंगाचें असतें. कळीवर तीन हिरवीं आवरणें असून प्रत्येकाच्या टोंकास शिंगासारखा कांटा असतो. फूल उमलतांच तीं गळून पडतात. आंत बहुधा सहा पाकळ्या, पुष्कळसे पिवळे पुंकेसर आणि मधोमध गडद तांबडें किंजल्क असतें. फळ म्हणजे कांटेरी बोंड. तें पिकलें म्हणजे वरच्या टोंकाशीं चार ते सहा फांकांनीं उघडतें आणि वाऱ्याच्या झोतानें झाड हाललें कीं, मिठाच्या डबीतून मीठ पडावें तसें आंतील काळपट, वाटोळें बीं चोहोंकडे सांडतें. एकेका बोंडांत शेंकडों बिया असतात, आणि त्या मातींत कित्येक वर्षें जिवंत राहूं शकतात. या झाडास जनावर तोंड लावीत नाहीं. म्हणून चराऊ रानांतही तें निर्धास्त वाढतें.

कुल आणि नांव

कांटेरी बोंडावरून लोकांनीं यास ‘धोत्रा’ म्हटलें असलें, तरी खऱ्या धोत्र्याशीं याचें कांहींच नातें नाहीं. धोत्रा हा वांगें व बटाटा यांच्या कुलांतील. पिवळा धोत्रा हा अफूच्या, म्हणजे खसखशीच्या कुलांतील. बटरकप हें मोरवेलीच्या कुलांतील होय. अफूचें कुल आणि मोरवेलीचें कुल हीं दोन्हीं शास्त्रज्ञ एकाच मोठ्या गणांत घालतात. तेव्हां इंग्रजी कुरणांतील तें फूल आणि आमच्या उकिरड्यावरील हें फूल दूरचे कां होईना, भाऊबंद ठरतात.

याचें शास्त्रीय नांव ‘आर्जिमोन मेक्सिकाना’. तें लिनीयस या स्वीडिश पंडितानें १७५३ सालीं नोंदविलें. त्याच ग्रंथांत बटरकपाचेंही नांव आहे. ‘मेक्सिकाना’ या शब्दानें झाडाचें माहेर कळतें. हें मूळचें अमेरिका खंडांतील. कोलंबस १४९२ सालीं तिकडे पोंचला, आणि त्यानंतर मिरची, तंबाखू, पेरू, सीताफळ यांप्रमाणें हें झाडही समुद्र ओलांडून इकडे आलें. ‘बिलायत’ हें त्याचें मराठी नांव या दृष्टीनें मोठें बोलकें आहे.

येथें एक विचार करण्यासारखा प्रश्न निघतो. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत ‘स्वर्णक्षीरी’ नांवाची वनस्पति सांगितली आहे. क्षीर म्हणजे दूध, सोन्यासारखें दूध जिचें ती स्वर्णक्षीरी. पुढें पिवळ्या धोत्र्याचा पिवळा चीक पाहून लोकांनीं यासच स्वर्णक्षीरी म्हणण्यास प्रारंभ केला. परंतु जे ग्रंथ कोलंबसाच्या पूर्वीं शेंकडों वर्षें लिहिले गेले, त्यांच्या कर्त्यांनीं अमेरिकेंतील झाड पाहिलेलें असणें शक्य नाहीं. अर्थात् प्राचीन स्वर्णक्षीरी ही निराळी वनस्पति असली पाहिजे. नांव जुनें, झाड नवें, असा हा प्रकार आहे. जुन्या नांवाबरोबर जुने गुणही नव्या झाडास चिकटविले जातात, हें मात्र धोक्याचें असतें.

लोकांतील उपयोग

पिवळा चीक खरूज, नायटा व चामखीळ यांवर लावण्याची चाल खेडोपाडीं आढळते. हिच्यांत थोडें तथ्य आहे. या चिकांत ‘बर्बेरीन’ नांवाचें पिवळें, अतिशय कडू द्रव्य असतें. दारुहळदीचा पिवळा रंग व कडूपणा याच द्रव्याचा. सूक्ष्म जंतूंवर त्याचा मारक परिणाम होतो. मूळ रेचक व कृमिनाशक म्हणून दिलें जात असे. बियांपासून घाण्यावर तेल निघतें. तें दिव्यांत जाळण्याकडे, साबण करण्याकडे आणि वाळवी लागूं नये म्हणून लांकडास चोपडण्याकडे उपयोगीं पडलें आहे. वाळलेलें झाड कुटून क्षारयुक्त जमिनींत मिसळल्यानें ती सुधारण्यास मदत होते, असाही अनुभव नोंदलेला आहे. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा आपल्या जिल्ह्याच्या घाटाखालील भागांतही पसरला असल्यानें ही गोष्ट आम्हांस विशेष लक्षांत घेण्याजोगी वाटते; मात्र त्यासाठीं झाड बीं धरण्यापूर्वींच उपटलें पाहिजे, नाहींतर खत म्हणून तण पेरल्यासारखें होईल.

डोळे आले असतां हा चीक डोळ्यांत घालण्याची मात्र एक घातक चाल आहे. ‘आर्जिमोन’ या ग्रीक नांवाचा संबंधही डोळ्यांत वाढणाऱ्या सारा-फुलासारख्या विकाराशीं जोडतात. तेव्हां ही समजूत केवळ आपल्याच देशांतील नव्हे. परंतु ती फार लोकांची व फार दिवसांची असल्यामुळें खरी ठरत नाहीं. चीक दाहक आहे, डोळा नाजूक आहे. दुखऱ्या डोळ्यांत झाडाचा रस घालूं नये, डॉक्टरांकडे जावें.

विष कोठें आहे

बटरकपाच्या ताज्या रसानें कातडीवर फोड येतात. युरोपांत पूर्वीं कांहीं भिकारी लोकांची दया यावी म्हणून हा रस मुद्दाम अंगास चोळून व्रणें करून घेत असत. गुरांनीं तें ताजें खाल्लें तर त्यांचें तोंड पोळतें. परंतु गवताबरोबर तें वाळलें म्हणजे त्यांतील विष मोडून जातें आणि वाळकें गवत गुरांस निर्धोक होतें. पिवळ्या धोत्र्याची गोष्ट याच्या उलट आहे. त्याचें घातक विष, ज्यास ‘सँग्विनरीन’ म्हणतात, तें बियांच्या तेलांत असतें. तें वाळल्यानें जात नाहीं, नेहमींच्या स्वयंपाकाच्या आंचेनेंही जात नाहीं.

हें बीं आकारानें व रंगानें मोहरीसारखें दिसतें. मोहरीच्या शेतांत हें झाड वाढलें व दोन्हीं पिकें एकत्र मळलीं गेलीं, किंवा एखाद्या लोभी मनुष्यानें मुद्दाम मिसळ केली, तर तें तेल खाणारास एक भयंकर विकार जडतो. दोन्हीं पाय सुजतात व लाल होतात, जुलाब होतात, दम लागतो, हृदय दुबळें होतें. कित्येकांच्या डोळ्यांत कांचबिंदूही उत्पन्न होतो. ज्या झाडाचा चीक डोळ्यांचें औषध म्हणून वापरला गेला, त्याचेंच तेल डोळे घालवूं शकतें!

ही सांथ १८७७ सालीं कलकत्त्यांत प्रथम नोंदली गेली. कित्येक वर्षें तिचें कारण उमगेना. कोणी तिला संसर्गजन्य समजत, कोणी बिघडलेल्या तांदळास दोष देत. १९२६ सालीं सरकार नांवाच्या एका डॉक्टरांनीं या बियांच्या तेलाकडे बोट दाखविलें, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत झालेल्या प्रयोगांनीं त्यांचें म्हणणें पटलें. कारण कळलें, तरी सांथी थांबल्या नाहींत. १९९८ सालच्या पावसाळ्यांत खुद्द दिल्लींत भेसळीच्या मोहरीच्या तेलानें हजारों लोक आजारी पडले व त्यांपैकीं सुमारें ६० जण दगावले. शंभर भागांत एक भाग एवढी भेसळही अपाय करण्यास पुरते.

आपल्या जिल्ह्यांत मोहरीचें तेल थोडेंच खपतें. परंतु फोडणीची मोहरी कोणत्या घरीं नाहीं? म्हणून परीक्षा येत असावी. भिंगाखालीं धरल्यास पिवळ्या धोत्र्याच्या बियेवर जाळीसारख्या खोल खांचा व एका बाजूस बारीक उंचवटा दिसतो. मोहरी त्या मानानें गुळगुळीत असते. मोहरी ओली करून वाटली तर तिचा झणका नाकांत जातो. या बियेस तो झणका नाहीं. बीं जिभेवर ठेवून पाहूं नये. तेलाची परीक्षा प्रयोगशाळेंत करतात. नत्राम्ल घातलें असतां भेसळीचें तेल नारिंगी-तांबडें होतें. तें आम्ल फार दाहक असल्यानें हा प्रयोग शिक्षकांनींच करून दाखवावा.

आपलें कर्तव्य

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत निदणाचा दृष्टांत व मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत हे जवळ जवळच आले आहेत. तेथील निदण कोवळेपणीं गव्हापासून ओळखतां येत नव्हतें, म्हणून धन्यानें कापणीपर्यंत धीर धरावयास सांगितलें. पिवळ्या धोत्र्याच्या बाबतींत ती अडचण नाहीं. बोटभर रोपावरही पांढऱ्या शिरा स्पष्ट दिसतात. कार्तिक-मार्गशीर्षांत, कांटे कोवळे असतां, हातास फडकें गुंडाळून तें मुळासकट उपटल्यास काम एका झटक्यांत होतें. बोंड फुटल्यावर मात्र शेंकडों बिया मातींत मिसळतात, आणि खळ्यांत रास झाल्यावर त्या निवडून काढणें जवळ जवळ अशक्यच.

या हिवाळ्यांत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर हें झाड कोठें कोठें आहे तें पाहून वहींत लिहावें. एक पान दाबून चिकटवावें, फुलाच्या पाकळ्या मोजाव्या, चिकाचा रंग पाहावा व लगेच हात धुवावे. मग घरीं जाऊन आई-आजीस या झाडाचे कोणते उपयोग ठाऊक आहेत तें आदरानें विचारावें, आणि डोळ्यांत चीक घालण्याची गोष्ट निघाल्यास त्यांतील धोकाही तितक्याच आदरानें सांगावा. वडील माणसांनीं जपून ठेवलेलें ज्ञान टाकून देण्यासारखें नसतें, आणि तपासल्यावांचून घेण्यासारखेंही नसतें. देवानें सृष्टि पाहण्यास डोळे दिले आहेत व पाहिलेलें पारखण्यास बुद्धि दिली आहे. या दोहोंचा उपयोग दारापुढच्या एका कांटेरी झाडापासून करावयास काय हरकत आहे?