घरबसल्या विमान शिकताना

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण सर्व जण जाणतो. रस्त्यावरील ठेचेने फार तर अंगठा रक्ताळतो. मागचा शहाणा होतो आणि पुढचाही. परंतु आकाशात ठेच लागली तर पुढचा मनुष्य शहाणा होण्यास पुष्कळदा उरतच नाही. दि. १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाजवळील बिरसी येथून निघालेले एक प्रशिक्षण-विमान आपल्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात कोसळले आणि त्यातील शिक्षक व शिकाऊ वैमानिक दोघेही प्राणास मुकले. त्यानंतर नववीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, चुकल्याशिवाय शिकता येत नाही, असे आपण नेहमी सांगता. मग वैमानिकाने चुकावे तरी कोठे?”

मी कलाशाखेचा पदवीधर. या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. ते शोधता शोधता जे हाती लागले, ते विद्यार्थिमित्रांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहे.

हाच प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील एडविन लिंक या तरुणास पडला होता. त्याच्या वडिलांचा बिंगहॅम्टन येथे पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. आपल्या संगीत नाटकांत साथीला वाजे तो ऑर्गन वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. त्याचे सूर हवेच्या दाबावर निघतात. लिंकने ऑर्गनचे भाते घेऊन त्यांवर लाकडी विमानाची एक लहानशी पेटी बसविली. आत बसलेल्याने दांडा हलविला की भात्यांत हवा भरे वा त्यांतून निघे आणि पेटी खऱ्या विमानासारखी कले, वळे, डोके वर करी. १९२९ साली सिद्ध झालेले हे यंत्र प्रथम जत्रेतील खेळणे म्हणूनच लोकांनी पाहिले. पुढे १९३४ साली अमेरिकेच्या सैन्याकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले. धुक्यात व हिमवर्षावात अनेक वैमानिक बळी पडले, तेव्हा सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी वैमानिकांनी उड्डाणाचा पहिला धडा याच पेटीत गिरविला. आजच्या सिम्युलेटरचा हा पूर्वज होय.

भात्यांचे ते काम आता संगणक करतो, आणि तो घराघरांत आला आहे. १९८२ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने घरगुती संगणकासाठी उड्डाणाचा कार्यक्रम काढला. त्याच्या २०२० च्या आवृत्तीत तर उपग्रहांनी व विमानांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून साऱ्या पृथ्वीचे चित्र उभे केले आहे. माझ्या भाच्याने असा एक संगणक व त्याला जोडलेला एक दांडा मला बसवून दिला आणि एअरबस ए-३२० हे दोन इंजिनांचे प्रवासी विमान शिकण्याचा मी संकल्प सोडला.

माझ्या घरी कोकणी, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी. या तिन्हींत माझे निभते. विमानाच्या कक्षात शिरलो तेव्हा मात्र चौथीच भाषा समोर उभी राहिली. डोक्यावर कळांचे छत, समोर सहा पडदे, मधोमध अंकाक्षरांच्या फळ्या. पहिल्या संध्याकाळी इंजिनसुद्धा सुरू झाले नाही. भाषा शिकताना आपण सारा शब्दकोश एकदम पाठ करीत नाही. आधी वाक्याचा क्रम शिकतो. तसाच येथेही एक क्रम आहे. प्रथम विद्युत्‌घट जोडावयाचे. मग शेपटीतील एक लहान इंजिन सुरू करावयाचे, कारण मोठ्या इंजिनांस फिरविणारी दाबाची हवा तेच पुरविते. मग इंधनाचे पंप. त्यानंतर ती हवा मोठ्या इंजिनाकडे सोडली की त्याची पाती फिरू लागतात आणि योग्य वेळी इंधन व ठिणगी मिळून ते पेट घेते. मी लहान इंजिन विसरलो होतो. हवाच नव्हती, मग पाती फिरणार कशी?

अशी विसर केवळ नवशिक्यालाच पडते असे नव्हे. दि. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोईंग कंपनीचे एक नवे मोठे विमान अमेरिकेत चाचणीच्या वेळी उडताच कोसळले. जमिनीवर असताना वाऱ्याने सुकाणू हलू नये म्हणून लावलेला अडसर काढावयाचा राहून गेला होता. वैमानिक अत्यंत अनुभवी होता. तो व त्याचा एक सहकारी दगावले. त्यानंतर असे ठरले की, स्मरणशक्तीवर विसंबावयाचे नाही. कामांची यादी करावयाची आणि ती प्रत्येक वेळी मोठ्याने वाचावयाची. आज थोर अनुभवाचा वैमानिकही ती यादी वाचल्याविना निघत नाही, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

माझी मोठी फजिती पुढेच झाली. नागपुराहून गोव्यास, सुमारे ८४० किलोमीटर, असा मार्ग मी आखला. विमान ३६,००० फुटांवर सुखाने चालले होते. खाली सह्याद्री दिसला, पुढे समुद्र दिसला, आणि माझे गाव दिसणार या आनंदात मी खाली उतरण्यास उशीर केला. दाबोळीची धावपट्टी खालून निघून गेली तेव्हा मी १२,००० फुटांवर होतो! दुसऱ्या दिवशी ही हकीकत वर्गात सांगितली. ज्या विद्यार्थ्याने मूळ प्रश्न विचारला होता, त्याला मी वैमानिकांचा एक ठोकताळा सांगितला: जितके हजार फूट उतरावयाचे, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी उतरू लागावे. तो क्षणभर थांबून म्हणाला, “सर, छत्तीस त्रिक एकशे आठ. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे २०० किलोमीटर आधी. आपण किती आधी निघालात?” मी निम्म्याहूनही कमी अंतरावर निघालो होतो. तिनाच्या पाढ्याने जे साधले असते, ते मी डोळ्यांच्या भरवशावर सोडले होते.

तेव्हापासून संगणकाशेजारी एक वही असते. प्रत्येक उड्डाणानंतर चूक, तिचे कारण आणि उपाय अशा तीन ओळी तीत लिहितो. वही नसती तर हा निव्वळ खेळ झाला असता. तीच चूक मी पन्नास वेळा केली असती.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. घरच्या सिम्युलेटरवर कितीही रात्री जागविल्या तरी मनुष्य वैमानिक होत नाही. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास निदान २०० तासांचे उड्डाण लागते, आणि घरच्या खुर्चीतील एक मिनिटही त्यात धरले जात नाही. खुर्ची कलत नाही, पोटात गोळा येत नाही, मागे दीडशे माणसांचे प्राण नसतात. ज्या मुलामुलींना खरेच वैमानिक व्हावयाचे आहे, त्यांनी गणित व पदार्थविज्ञान पक्के करावे आणि खऱ्या शिक्षकापुढे नम्रपणे बसावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वैमानिकाने चुकावे कोठे? जेथे चुकीची किंमत प्राणांनी द्यावी लागत नाही तेथे. मात्र ती चूक लिहून ठेवून. विद्यार्थिमित्रहो, अशी एक जागा तुमच्यापाशीही आहे. तिचे नाव कच्ची वही. तीत मनमुराद चुका, त्या खोडून टाकण्यापूर्वी नीट पाहा, आणि मगच पक्क्या वहीकडे वळा. आमच्या वर्गातील तो प्रश्न विचारणारा मुलगा आता माझ्या शेजारी बसून यादी मोठ्याने वाचतो. मागच्या रविवारी आम्ही दाबोळीस उतरलो. धावपट्टी जरा पुढेच गाठली. वहीत तीन ओळींची भर पडली.