स्वर्गातली आठवण

प्रिय बाय,

पत्र मिळालं. मोठे काका दारूपायी गेले, शेवटच्या आजारात फादरनाही त्यांनी दारातून परत पाठवलं, आणि मयतीला कुणीतरी ‘हा नरकातच जाणार’ म्हणालं. तुझं विचारणं असं, की उद्या मी स्वर्गात गेले आणि काका आठवले, तर मला सुख कसलं? आणि नाहीच आठवले, तर तिथे गेलेली ती मी कशी?

मोठमोठी माणसं यात अडकली आहेत. संत ऑगस्टीन म्हणतो, वैद्याला रोग ठाऊक असतात पण ते अंगात नसतात, तसं धन्य आत्म्यांना दुःख ठाऊक राहील, जाणवणार नाही. संत थॉमस अक्विनासच्या मते शापितांच्या यातना धन्यांना दिसतात, कीव मात्र येत नाही. आनंद शिक्षेचा नव्हे, देवाच्या न्यायाचा. पंडिताशी वाद घालण्याइतकी माझी विद्या नाही, पण हे माझ्या गळी उतरत नाही. उलट एकोणिसाव्या शतकात श्लायरमाखर या जर्मन धर्मपंडिताने नेमका तुझाच पेच धरला आणि शेवटी सगळेच तरतील अशी आशा बाळगली. चर्च काही तिथवर जात नाही.

तू लूकचा सोळावा अध्याय पुन्हा वाच. लाजरला उपाशी ठेवणारा श्रीमंत यातनेत आहे, तरी त्याला घरच्या पाच भावांची काळजी. आणि पलीकडून अब्राहाम त्याला मुलगा म्हणूनच हाक मारतो. मोशे तर लोकांसाठी देवाला म्हणाला, यांना क्षमा नसेल तर तुझ्या पुस्तकातून मलाही खोड. आपल्या माणसांसाठी ख्रिस्ताला अंतरण्याची तयारी पौलानेही दाखवली. इथे एवढं मोठं असलेलं पौलाचं काळीज स्वर्गात गेल्यावर आक्रसलं, असं मी कसं मानू? मायेला कमी करणारं उत्तर कुणीही दिलं, अगदी संताने दिलं, तरी घाईने पदरात घेऊ नकोस.

आणि मयतीतल्या त्या बोलण्याचं म्हणशील, तर चर्चने हजारोंना संत ठरवलं, पण अमुक माणूस नरकात आहे असं नाव घेऊन कधीच जाहीर केलेलं नाही, यहूदाचंसुद्धा नाही. मग या गृहस्थांना तो अधिकार कुणी दिला?

२ नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा दिवस, जवळ येतोय. मिस्सासाठी काकांचं नाव तूच नेऊन दे. तुझे बाबा कुरकुरतील. भावावरचा राग अजून ताजा आहे. त्यांच्याशी हुज्जत घालू नकोस, फक्त मिस्सा किती वाजता आहे ते त्यांना सांगून ठेव.

तुझा,
मामा