काळजीवाहक भत्ता आणि इतर कल्याणकारी लाभ : ब्रिटनच्या अनुभवाचा अभ्यास

वृद्ध, आजारी किंवा दिव्यांग आप्तांची विनामोबदला देखभाल करणाऱ्या व्यक्तीला काळजीवाहक असे म्हटले जाते. तिच्या श्रमांची गणना राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. परंतु या श्रमांपायी बुडालेल्या मजुरीचा किंवा सोडलेल्या नोकरीचा भार कुटुंबालाच सोसावा लागतो. हे नुकसान अंशतः भरून काढण्यासाठी काही देशांत शासन भत्ता देते. अशा भत्त्याचे मूल्यमापन केवळ त्याच्या दरावरून करता येत नाही. इतर लाभांचे नियम लागू झाल्यानंतर कुटुंबाच्या हाती निव्वळ किती रक्कम पडते, हा खरा प्रश्न आहे. ब्रिटनचे उदाहरण त्यादृष्टीने उद्बोधक आहे.

भत्त्याचे स्वरूप

ब्रिटनमध्ये हा भत्ता १९७६ मध्ये सुरू झाला. विवाहित स्त्रियांना मात्र तो नाकारण्यात आला होता. पत्नीने घरी राहून देखभाल करणे स्वाभाविकच आहे, असे त्यामागे गृहीत धरलेले होते. युरोपीय न्यायालयाच्या १९८६ मधील निर्णयामुळे हा भेदभाव संपुष्टात आला. २००३ पासून या भत्त्याला ‘केअरर्स अलाउन्स’ हे नाव मिळाले. त्यासाठी आठवड्याला किमान ३५ तास देखभाल करणे आवश्यक असते, तसेच जिची देखभाल केली जाते त्या व्यक्तीला विहित अपंगत्व लाभ मिळत असावा लागतो. २०२५-२६ या वर्षात भत्त्याचा दर आठवड्याला ८३.३० पौंड होता.

इतर लाभांशी संबंध

हा संबंध तीन प्रकारे येतो.

पहिला प्रकार म्हणजे वजावट. अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांना ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हे मासिक साहाय्य मिळते. काळजीवाहक भत्ता हे उत्पन्नच मानले जात असल्याने तो या साहाय्यातून पूर्णपणे वजा होतो. २०२५-२६ च्या दराने भत्त्याची मासिक रक्कम सुमारे ३६१ पौंड होते. तेवढेच साहाय्य कमी होते. त्याच वेळी काळजीवाहक म्हणून साहाय्यात २०१.६८ पौंडांची भर पडते. म्हणजेच सर्वांत गरजू कुटुंबाचा निव्वळ लाभ ३६१ नव्हे, तर सुमारे २०२ पौंडांचा असतो.

दुसरा प्रकार म्हणजे अतिव्याप्ती. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई करणारे दोन लाभ एकाच व्यक्तीला एकाच वेळी पूर्णपणे मिळू नयेत, हे त्यामागील तत्त्व आहे. शासकीय निवृत्तिवेतन भत्त्याइतके किंवा त्याहून अधिक असल्यास भत्त्याची रक्कम दिली जात नाही. तथापि, अर्जदाराची ‘अंतर्निहित पात्रता’ मान्य होते आणि तिच्या आधारे अल्प उत्पन्न असलेल्या वृद्धाला ‘पेन्शन क्रेडिट’मध्ये अतिरिक्त रक्कम मिळू शकते. २०२५-२६ मध्ये ही रक्कम आठवड्याला ४६.४० पौंड होती. त्यामुळे भत्ता हाती पडणार नाही हे ठाऊक असूनही त्यासाठी अर्ज करणे हिताचे ठरते. हा नियम माहीत नसलेले वृद्ध हक्काच्या रकमेला मुकतात.

तिसरा प्रकार म्हणजे दुसऱ्या व्यक्तीच्या लाभावर होणारा परिणाम. एकटी राहणारी दिव्यांग वृद्धा ‘पेन्शन क्रेडिट’मध्ये तीव्र अपंगत्वासाठी अतिरिक्त रक्कम घेत आहे, असे समजू. २०२५-२६ मध्ये ही रक्कम आठवड्याला ८२.९० पौंड होती. तिच्या देखभालीसाठी मुलीला काळजीवाहक भत्ता सुरू झाल्यास आईची ही रक्कम बंद होते. मुलीला मिळाले ८३.३०, आईचे गेले ८२.९०, दोघींचा मिळून लाभ अवघा ४० पेन्स. मुलगी ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ही घेत असेल, तर दोघींचे मिळून नुकसानच होते.

कमाईची मर्यादा

२०२५-२६ मध्ये कर व अन्य मान्य वजावटी जाता आठवड्याला १९६ पौंडांपर्यंत कमाई करण्यास मुभा होती. मर्यादा एका पौंडाने ओलांडली तरी त्या आठवड्याचा संपूर्ण भत्ता जातो. याउलट, ‘युनिव्हर्सल क्रेडिट’मध्ये विहित सवलतीपलीकडील प्रत्येक पौंडाच्या कमाईमागे ५५ पेन्स, या प्रमाणात साहाय्य हळूहळू घटते. भत्त्याच्या अशा कड्यामुळे अनेक काळजीवाहकांकडे अतिप्रदानाची वसुली निघाली. या प्रश्नाच्या चौकशीसाठी ब्रिटिश सरकारने २०२४ मध्ये स्वतंत्र समीक्षा जाहीर केली.

स्कॉटलंडने २०१८ मध्ये वेगळा मार्ग अवलंबिला. तेथे काळजीवाहकांना वर्षातून दोनदा पूरक रक्कम दिली जाऊ लागली आणि अन्य लाभांसाठी ती उत्पन्न म्हणून गणली जात नाही. त्यामुळे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जात नाही.

भारतासाठी बोध

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार, घरातील व्यक्तींची विनावेतन काळजी घेण्याच्या कामात सहभागी स्त्रिया दिवसाला सरासरी १३७ मिनिटे, तर पुरुष ७५ मिनिटे खर्च करतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये, अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. शय्याग्रस्तांच्या काळजीवाहकांसाठी केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ ही योजना आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनाचा लाभ मात्र दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपुरता मर्यादित ठेवण्यात आला.

अशा परिस्थितीत भत्त्याचे नियम ठरविताना तीन बाबी स्पष्ट असणे आवश्यक आहे. भत्ता कुटुंबाच्या उत्पन्नात धरायचा की नाही? तो कोणाच्या खात्यात जमा करायचा? आणि काळजीवाहक काम करू लागली तर तो एकदम थांबवायचा की टप्प्याटप्प्याने कमी करायचा? भत्ता उत्पन्नात धरला गेला आणि त्यामुळे कुटुंब पात्रतेच्या मर्यादेबाहेर गेले, तर अल्पशा भत्त्यापायी निवृत्तिवेतन गमावण्याची वेळ येईल. म्हणूनच कोणत्याही कल्याणकारी योजनेचा अभ्यास करताना तिची तरतूद जितकी लक्षात घ्यावी, तितकीच तिची अन्य योजनांशी असलेली सांगडही तपासून पाहावी.