बॅटरी गेली, की चार्जिंग?

कॅडेट मित्रांनो, गाडी सुरू झाली नाही की सगळे एकच म्हणतात, "बॅटरी गेली!" खरे उत्तर मात्र मल्टिमीटर दोन मिनिटांत देतो.

मोटारीच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. म्हणून '१२ व्होल्टची' बॅटरी पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. हे माप इंजिन बंद करून काही तासांनी घ्यावे. गाडी नुकतीच थांबली असेल तर आकडा फुगलेला दिसतो.

इंजिन चालू झाले की अल्टरनेटरचे काम सुरू होते. पट्ट्यावर फिरून तो वीज तयार करतो, डायोड तिचे डीसीत रूपांतर करतात आणि रेग्युलेटर व्होल्टेज आवरतो. या वेळी बहुतेक गाड्यांत बॅटरीच्या टोकांवर १३.७ ते १४.७ व्होल्ट मिळतात. बॅटरी भरायची तर बाहेरचे व्होल्टेज तिच्यापेक्षा जास्त हवेच. पण ते सतत १५ च्या वर राहिले तर बॅटरीतले पाणी आटते आणि तिचे आयुष्य घटते.

गेल्या सुट्टीत जबलपूरला, १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण सांगणाऱ्या कमानिया गेटाजवळ, संध्याकाळच्या गर्दीत बाबांची गाडी बंद पडली. बॅटरीवर ११.६ व्होल्ट होते. जमलेल्यांनी नवी बॅटरी घ्यायला सांगितले. मिस्त्रीकाकांनी दुसऱ्या बॅटरीची जोड देऊन इंजिन सुरू केले, केबल काढल्या आणि पुन्हा मोजले: ११.९. रेस दिली तरी आकडा हलला नाही. म्हणजे चार्जिंगच होत नव्हते! अल्टरनेटरचा पट्टा सैल निघाला. तो ताणताच मीटरवर १४.१ आले. नवी बॅटरी बसवली असती तर तीही काही दिवसांत रिकामी झाली असती.

सैन्याच्या मोठ्या ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट मिळवतात. तिथे वरचे आकडे दुप्पट धरावेत.

लक्षात ठेवा:
१. इंजिन बंद: १२.६ च्या आसपास.
२. स्टार्टर फिरताना: ९.६ च्या खाली नको.
३. इंजिन चालू: सुमारे १४.

मोजताना हातातले कडे-अंगठी काढा आणि ठिणगी टाळा, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. आधी मोजा, मगच भाग बदला.