स्वस्ताईचं कारण विचार

चि. स्वप्नील यास,



चिखली-तळवडे भागात घर घ्यायचं तुझ्या आणि कविताच्या मनात आहे आणि घरातल्या निम्म्या माणसांचा त्याला विरोध आहे, हे कळलं. माझं मत आधीच सांगतो : घर तिथेच बघा. कामगारवस्तीत राहण्यात कमीपणा काही नाही आणि शहाणपण बरंच आहे. मात्र घराचा भाव विचारण्याआधी ते स्वस्त का आहे, हे विचार. कंपन्यांचा धूर, ट्रकांची वर्दळ, भंगाराची दुकानं, लिफ्ट नसणं, पुण्यापासूनचं अंतर अशा कारणांनी घर स्वस्त असेल, तर तो त्रास तुमच्या डोळ्यांसमोर आहे आणि सोसायचा की नाही हे तुम्ही ठरवू शकता. पण कागद अपुरे आहेत, जागा पूररेषेत आहे किंवा लष्करी निर्बंधात येते म्हणून ते स्वस्त असेल, तर उरलेली किंमत पुढे कधीतरी एकरकमी वसूल होते, आणि ती कधी होणार हे तुमच्या हातात नसतं. माझा सगळा सल्ला या एका फरकावर उभा आहे.

या भागात दोन्ही प्रकारची घरं शेजारी-शेजारी का दिसतात, हे समजून घे. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली. भोसरी-पिंपरी-चिंचवडला कारखाने आले आणि त्यांच्यामागे मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकणातून माणसं आली. कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून १९७२मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण निघालं. पण माणसं ज्या वेगानं आली त्या वेगानं घरं झाली नाहीत. ती उणीव गुंठेवारीनं भरून काढली. शेतकऱ्यानं एक-दोन गुंठे विकायचे, घेणाऱ्यानं नोटरीच्या कागदावर व्यवहार उरकायचा आणि जमेल तसे मजले चढवायचे. चिखली, तळवडे ही गावं १९९७मध्ये महापालिकेत आली, तोवर ही रीत रुळली होती. म्हणून आज एकाच गल्लीत सारख्याच उंचीच्या, सारख्याच रंगाच्या दोन इमारती दिसतात. एकीचा नकाशा मंजूर असतो, दुसरीचा सातबारा दहा सहहिस्सेदारांच्या नावानं भरलेला असतो. भिंती बघून यातलं काही कळत नाही.

यावर तुला हमखास ऐकायला मिळेल की इथे हजारो लोक असेच राहतात, कुणाचं काय वाकडं झालं? हे म्हणणं अगदी पोकळ नाही. इतक्या घरांवर एकदम हातोडा पडत नाही, आणि अनधिकृत बांधकामांवरचा शास्तीकर सरकारनं २०२३मध्ये माफही केला. पण दंड माफ झाला म्हणून बांधकाम नियमित होत नाही. घरपट्टीची पावती हाही अधिकृतपणाचा पुरावा नव्हे. तुकडेबंदीचे नियम अलीकडे सैल झाले आहेत, तरी जमिनीचा व्यवहार नियमित होणं वेगळं आणि तिच्यावरचं बांधकाम नियमित होणं वेगळं. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला, एवढ्यानंही बांधकामाला परवानगी होती असं ठरत नाही. मे २०२५मध्ये चिखलीतच इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेनं पाडले. हरित लवादाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. पुष्कळ लोक निभावून जातात हे खरं. पण ज्याच्याकडे दुसरं घर घ्यायला पैसे नाहीत, त्यानं नशिबावर घर बांधू नये. श्रीमंताला अशी चूक परवडेल, तुला परवडणार नाही.

म्हणून दोन रेषा आधी तपास. पहिली पूररेषा : निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दुसरी लष्कराची, जिला लोक ‘रेड झोन’ म्हणतात. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराच्या हद्दीपासून २००० यार्डांपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि तळवडे, रुपीनगर, निगडी, चिखली यांचे काही भाग तिच्यात येतात. एजंट तोंडी काहीही सांगो, महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या गट नंबरचा झोन दाखला काढ. मग सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, आणि स्वतः नेमलेल्या वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल. बिल्डरनं दिलेल्या वकिलावर भागवू नकोस. नवी इमारत असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद आणि कार्पेट एरिया पाहा. राष्ट्रीयीकृत बँकेनं त्या घरावर कर्ज नाकारलं तर तो फुकट मिळालेला सल्ला समज. चढ्या व्याजानं दुसरा कुणी कर्ज देतो म्हणून जागा चांगली ठरत नाही.

कागद स्वच्छ निघाले की मग सोसण्याजोग्या त्रासाचं माप घे, आणि तेही प्रत्यक्ष जाऊन. गुरुवारी घर बघायला जाऊ नकोस. त्या दिवशी कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी असते. रस्ता मोकळा, हवा बरी आणि पत्रा ठोकल्याचा आवाज बंद. कामाच्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटताना जा, रात्री अकरानंतर पुन्हा एकदा जा. शेजारच्या बायकांना पाण्याचं विचारा : महापालिका नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड पाणी देते, तेव्हा इमारतीची टाकी दोन दिवस पुरते का आणि टँकरचा खर्च महिन्याला किती येतो, हे घेण्याआधीच कळायला हवं. तळमजल्यावर आणि मागच्या शेडमध्ये नेमकं काय बनतं तेही पाहा. लेथ मशीनचा आवाज सोसता येतो, केमिकल आणि ज्वलनशील माल सोसता येत नाही. डिसेंबर २०२३मध्ये तळवड्यात स्पार्कल कँडल बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्याला आग लागून कितीतरी कामगार महिला गेल्या. अशा शेडला लागून असलेलं घर अर्ध्या भावात मिळालं तरी सोडून दे.

आता पैशाचं. समज, घर ३० लाखांचं आहे आणि कर्ज २५ लाखांचं. वरचे ५ लाख तुमचे, शिवाय सात टक्के मुद्रांक शुल्काचे २ लाख १० हजार आणि नोंदणीचे ३० हजार. घर एकट्या कविताच्या नावावर घेतलंत तर शुल्कात एक टक्का, म्हणजे ३० हजार वाचतात. दोघांच्या नावावर घेतलंत तर ही सवलत नाही. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे २१,७०० रुपये बसतो आणि एकूण फेड ५२ लाखांच्या घरात जाते. पंधरा वर्षांत फेडलंत तर हप्ता सुमारे २४,६०० होतो, पण पावणेआठ लाखांच्या आसपास वाचतात. तरी मी वीस वर्षांचंच कर्ज घ्या म्हणेन. तुझी नोकरी कंत्राटी आहे, म्हणून हप्ता एकाच्या मूळ पगारात बसला पाहिजे. ओव्हरटाइम त्यात धरू नकोस, कारण ऑर्डर कमी झाली की आधी तोच बंद होतो. ओव्हरटाइम आणि दिवाळीचा बोनस मुद्दलात भरत जा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीसाठी दंड लागत नाही.

विरोध करणाऱ्यांपैकी दादाचं म्हणणं आहे की अशा घराची किंमत वाढत नाही आणि मुलांना वळण चांगलं लागत नाही. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. बाणेर-वाकडसारखा भाव इथे चढेल या आशेवर घर घेऊ नका, आणि पुढे कधीतरी येणाऱ्या मेट्रोचे पैसे आज मोजू नका. पण तुम्हाला घर विकायला नको, राहायला हवं आहे. दोघांची कंपनी जवळ आली की रोजचा प्रवास आणि पेट्रोल वाचतं, आजारी मुलाला पाळणाघरातून आणायला अर्धा दिवस मोडावा लागत नाही, आणि एक नोकरी गेली तर दुसरी शोधायला शेकडो गाळे आजूबाजूला असतात. उद्या बदली झालीच, तर तिथे भाडेकरूही मिळतो. दुसरा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. जिथे आईबाप आळीपाळीनं शिफ्ट करून मुलांना शिकवतात त्या वस्तीतून वाईट वळण लागतं, असं म्हणणं त्या माणसांवर अन्याय आहे. मुलाच्या वळणाचा प्रश्न शाळा कशी आहे आणि आईबाप संध्याकाळी घरी असतात का, यावर सुटतो. इमारतीच्या पत्त्यावर नाही.

तेव्हा धुराला भिऊन मागे फिरू नका आणि भावाला भुलून टोकन देऊ नका. आधी झोन दाखला, मग वकील, मग बँक, आणि सगळ्यात शेवटी पैसे. हा क्रम कुणाच्याही घाईसाठी मोडू नका. कागदात एक जरी गोष्ट अडली, तर भाड्याच्या घरात आणखी वर्षभर राहण्यात काही बिघडत नाही. कविताला आशीर्वाद, दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका