काळा टॅटू काढायचा तर खिशात किती हवेत?

कोपराच्या खाली, हाताभोवती दोन इंच रुंद, नुसता काळाभोर पट्टा. त्यात नाव नाही, देव नाही, फूल नाही. दिसायला सगळ्यात सोपं काम, म्हणून ते स्वस्तात होईल असं अमडापूर, चिखलीकडच्या पोरांना वाटतं. प्रत्यक्षात भरीव काळं काम हेच महागाचं आणि कसबाचं.

बहुतेक स्टुडिओ दर चौरस इंचावर सांगतात. कारागिराच्या हातावर आणि शहरावर तो अवलंबून असतो. साधारण ३०० ते १,००० रुपये धरून चाला. कोपराखाली हाताचा घेर १० इंच असेल, तर दोन इंचांचा पट्टा २० चौरस इंच भरतो. ५०० रुपयांच्या दराने झाले १०,०००. कोपरापासून मनगटापर्यंत अख्खा हात काळा करायचा म्हटलं, की ८० चौरस इंचांच्या आसपास जातं, म्हणजे ४०,००० रुपये. काम मोठं असेल तर दर थोडा उतरतो, घासाघीस तिथे करावी. सुई, शाई आणि हातमोजे यांवर मात्र कधीच नाही. पैसे कमी पडत असतील तर पट्टा एक इंचाचा करा, पण स्वस्तातला कारागीर शोधू नका.

पैसे लागतात ते काळं सारखं भरण्याचे. शाई कातडीच्या वरच्या थराखाली, एक-दोन मिलिमीटरवर बसावी लागते. वर राहिली तर खपलीबरोबर निघून जाते. खोल गेली तर कडेला निळसर पसरते आणि वण राहतो. चांगल्या हाताखालीसुद्धा पहिल्या बैठकीनंतर, पहिला हात दिलेल्या भिंतीसारखे फिके चट्टे दिसू शकतात. ते चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा भरावे लागतात. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच विचारा, की ही दुसरी बैठक ठरलेल्या पैशांत आहे का? आणि कारागिराचं ताजं काम बघून भुलू नका. ताजं काळं सगळ्यांचंच चमकतं. वर्षभर जुन्या कामाचे फोटो मागा.

भरीव पट्ट्याऐवजी काळी नक्षी काढायची असेल, तर ती कशी जुनी होते हे बघायला घरातल्या आजीचा हात हातात घ्या. तिच्या मनगटावरचं गोंदण कधीकाळी काळं होतं. आता ते हिरवट-निळं दिसतं, रेघा जाड झाल्या आहेत, जवळजवळचे ठिपके एकमेकांना चिकटले आहेत. शाई आणि यंत्र सुधारलं, तरी रेघ पसरणारच. म्हणून नक्षीत मध्ये मोकळी कातडी भरपूर ठेवा. तीळ असेल तर त्यावर काळं भरू नका. पुढे तो वाढला किंवा बदलला तर कुणाच्या लक्षातच येणार नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी इथे थांबून नीट वाचावं. सैन्यात साधारणपणे हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला एवढ्याच ठिकाणी कायमचा टॅटू चालतो. आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत तर टॅटू त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा लहान हवा. हाताभोवती फिरणारा पट्टा बाहेरच्या बाजूलाही येतोच. भरतीची जाहिरात वाचल्याशिवाय सुई लावून घेऊ नका. दोन-तीन वर्षं पहाटे उठून धावलेलं सगळं एका पट्ट्यापायी वाया जाऊ शकतं, आणि हे मला फार लागतं.

सैलानीच्या किंवा कुठल्याही यात्रेत बॅटरीच्या मशीनवर थोडक्या पैशांत नाव गोंदून मिळतं. पण एकच सुई आणि एकच शाईची वाटी माणसामागून माणसाला लागत असेल, तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीचा धोका त्याच सुईतून येतो. स्टुडिओतही सुईचं पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला सांगा. शाई छोट्या टोपणात नवी ओतलेली हवी, आणि उरलेली फेकलेली हवी. मधुमेह असेल, जखमेचे वण फुगून वाढत असतील किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

वेळ निवडताना शेतीकडे बघा. फवारणीच्या दिवसांत किंवा सोयाबीन काढणीत ताजा टॅटू म्हणजे उघडी जखम घेऊन कामाला जाणं. उन्हाळ्यात घाम आणि ऊन दोन्ही नडतात. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. तरी गोठ्याच्या आणि मातीच्या कामाचे काही दिवस बुडणारच. ती मजुरी आणि शहराच्या दोन-तीन फेऱ्यांचं भाडं हिशेबात धरा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्यानं त्यांचा तेवढा खर्च वाचतो.

पहिल्या एक-दोन रात्री काळसर पाणी झिरपतं, म्हणून अंगाखाली जुनी चादर घाला. दिवसातून दोन-तीनदा सौम्य साबणानं हलक्या हातानं धुवा, स्वच्छ कापडानं टिपा, आणि बिनवासाच्या मलमाचा अगदी पातळ हात द्या. हळद, लिंबू, राख काही लावू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी काळे पापुद्रे सुटतात, खाज सुटते. नखानं काढलेल्या प्रत्येक पापुद्र्याबरोबर शाई जाते. विहिरीत, तळ्यात पोहणं तीन-चार आठवडे बंद. लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप भरला, तर कारागिराला फोन न करता थेट दवाखाना गाठा. साबण, मलम आणि नंतर लावायचं सनस्क्रीन मिळून हजाराच्या आत भागतं. बरा झाल्यावर उन्हात सनस्क्रीन किंवा पूर्ण बाही हवीच.

नको झाला तर लेझर आहे. काळी शाई लेझरला सगळ्यात चांगली दाद देते, पण भरीव पट्ट्यात ती इतकी असते, की सहा-आठ आठवड्यांच्या अंतरानं बऱ्याच बैठका लागतात. प्रत्येक बैठकीला हजारांत पैसे जातात आणि एकूण खर्च टॅटूच्या पुढे जाऊ शकतो.

आणि रक्तपेढीच्या नियमानुसार टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. गावात शिबिर जवळ आलं असेल, तर आधी रक्त द्या, आणि अंगात तरतरी आली की मग स्टुडिओची तारीख घ्या.